ओराशो : धर्मगुरूंवाचूनचा सामूहिक पाठ

१७ मार्च १८६५ हा शुक्रवार होता. त्या दुपारी जपानमधील नागासाकी बंदराजवळच्या ओउरा टेकडीवर, नुकत्याच बांधून झालेल्या फ्रेंच चर्चच्या दाराशी पंधराएक माणसे येऊन थांबली. वेशावरून ती शेतकरी कुटुंबांतली वाटत होती. हे चर्च बंदरात राहणाऱ्या परदेशी लोकांसाठी होते. जपानी माणसाला ख्रिस्ती धर्म पाळण्याची बंदी अजून कायम होती आणि ती मोडणाऱ्याला काय भोगावे लागते हे साऱ्या नागासाकीला ठाऊक होते. फादर बेर्नार पतिजां यांनी दार उघडले आणि ते वेदीपुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. थोड्या वेळाने एक स्त्री त्यांच्याजवळ आली. छातीवर हात ठेवून तिने हलक्या आवाजात सांगितले, की जे तुमच्या अंतःकरणात आहे तेच आम्हा सर्वांच्या अंतःकरणात आहे. आणि लगेच विचारले, की पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे?

ही माणसे उराकामी गावची होती. बोलता बोलता त्यांनी सांगितले, की आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळतो आहोत आणि आज त्याचा सतरावा दिवस आहे. पतिजां चकित झाले ते इथे. त्या वर्षी ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवार १ मार्चला आला होता. म्हणजे १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस. रोममध्ये जी गणना चालू होती तीच उराकामीच्या भातशेतीत चालू होती आणि एका दिवसाचाही फरक पडलेला नव्हता.

जपानमधून ख्रिस्ती धर्मगुरूंना हद्दपार करण्याचा हुकूम १६१४ सालचा. त्यानंतरही काही जण लपून राहिले. त्यांतला शेवटचा जपानी धर्मगुरू कोनिशी मानशो १६४४ साली मारला गेला. तेव्हापासून १८६५ पर्यंत, म्हणजे २२१ वर्षे, या लोकांना ना धर्मगुरू होता, ना चर्च, ना छापील पुस्तक. मग त्यांच्यापाशी उरले काय होते? उत्तर थोडक्यात देता येते : एकत्र बसून म्हटलेल्या काही पाठ प्रार्थना. लॅटिनमधील ‘ओरासियो’ या शब्दाचे जपानी तोंडात ‘ओराशो’ झाले. या ओराशोंनी त्या लोकांना कसे सांभाळले आणि त्या सांभाळण्याची किंमत काय पडली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. या कथेचे धागे गोव्याला आणि वसईला येऊन मिळतात, म्हणून मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही.

वसईचा एक माणूस

ओउराचे चर्च ज्यांच्या नावाने अर्पण केले होते ते सव्वीस हुतात्मे याच नागासाकीत, निशिझाका टेकडीवर, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसांवर टांगून भाल्यांनी मारले गेले होते. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या आज्ञेवरून त्यांना ऐन थंडीत क्योतोपासून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत आणले होते. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सहा फ्रान्सिस्कनांपैकी चार स्पेनचे, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा : गोन्सालो गार्सिया.

गोन्सालोचे वडील पोर्तुगीज, आई वसईची. त्याचे बालपण वसईत येशूसंघीयांच्या सहवासात गेले. तरुणपणी तो त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापारही केला. पुढे मनिलाला तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. हिदेयोशीशी बोलणी करताना फ्रान्सिस्कनांची जीभ म्हणजे हा वसईकर होता. १८६२ साली त्याला इतर पंचवीस जणांबरोबर संतपद मिळाले आणि तीन वर्षांनी त्यांच्या नावाचे चर्च नागासाकीत उभे राहिले. उराकामीचे लोक ज्या दारातून आत आले ते दार एका अर्थी वसईच्याही माणसाचे होते.

निशिझाकाच्या टेकडीवर त्या दिवशी काय घडले याच्या वृत्तांतांत एक गोष्ट ठळकपणे येते. त्या सव्वीस जणांत काही लहान मुले होती आणि क्रुसावर असताना त्यांनी पाठ असलेले स्तोत्र गायले. मरणाच्या क्षणी स्वतःचे शब्द सुचत नाहीत. पाठ असलेले शब्दच ओठांवर येतात. ते मुलांना पाठ होते, कारण ते त्यांना तशाच पद्धतीने शिकवले गेले होते.

घंटा आणि घोकणे

ही पद्धत पूर्वेकडे रुजवली ती संत फ्रान्सिस झेवियर यांनी. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले. रस्त्यांतून घंटी वाजवत मुले आणि गुलाम गोळा करायचे, त्यांना चर्चमध्ये न्यायचे आणि प्रार्थना मोठ्याने म्हणून घ्यायच्या, हा त्यांचा परिपाठ होता. दक्षिणेकडच्या मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्यांनी तीच रीत तमिळमध्ये चालवली. स्वतःला भाषा नीट येत नव्हती. जाणकारांच्या मदतीने क्रुसाची खूण, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि दहा आज्ञा यांची भाषांतरे करून घेतली, ती स्वतः पाठ केली, आणि लोकांना जमवून एकेक वाक्य आपण म्हणायचे व त्यांनी एका सुरात मागून म्हणायचे असा क्रम ठेवला. मोठ्यांपेक्षा मुले लवकर शिकत. मग तीच घरी जाऊन आईबापांना शिकवत. पुढच्या गावी जाताना गावातल्या कुणाला तरी हे काम चालू ठेवायला सांगून झेवियर निघून जात. एका माणसाने शेकडो गावे सांभाळायची तर दुसरा उपायही नव्हता. आपण गेल्यानंतर काय उरेल, हा प्रश्न या पद्धतीच्या मुळाशीच होता.

१५४८ साली गोव्यात अंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा बाप्तिस्मा झाला. तो सेंट पॉल कॉलेजात शिकला. १५४९ च्या एप्रिलमध्ये झेवियर त्याला घेऊन गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्टला जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. तिथेही पहिले काम तेच : प्रार्थनांचे भाषांतर आणि पाठांतर.

या भाषांतरात सुरुवातीला एक घोटाळा झाला. अंजिरोच्या सल्ल्याने देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला गेला. तो एका बौद्ध पंथातील वैरोचन बुद्धाचे नाव आहे हे ध्यानात आल्यावर झेवियर यांनी तो टाकला आणि लॅटिन ‘देउस’ हाच शब्द ठेवला. पुढे जपानमधील मिशनऱ्यांनी हाच धडा गिरवला. महत्त्वाच्या धार्मिक शब्दांचे भाषांतर करायचे नाही, ते जसेच्या तसे जपानी उच्चारात घ्यायचे. त्यामुळे प्रार्थनांचे वाक्य जपानी, पण त्यातले कळीचे शब्द परदेशी असे रूप तयार झाले. पोर्तुगीज ‘क्रुस’चे तिथे ‘कुरुसु’ झाले, आपल्याकडे ‘क्रूस’. ‘पाद्रे’चे तिथे ‘बातेरेन’ झाले, आपल्याकडे ‘पाद्री’.

एक पुस्तक, दोन किनारे

पोर्तुगालमध्ये मार्कोस जोर्ज या येशूसंघीयाने मुलांसाठी प्रश्नोत्तररूपाने ख्रिस्ती शिकवणुकीचे एक पुस्तक लिहिले होते. प्रार्थना, त्यांचा अर्थ, आज्ञा, संस्कार असे त्यात सारे होते. हे पुस्तक दोन दूरच्या किनाऱ्यांवर पोहोचले.

छपाईचे यंत्र गोव्यात १५५६ मध्येच आले होते. जपानमध्ये ते पोहोचवण्याचे काम आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी केले. युरोपला पाठवलेले चार जपानी तरुण परतताना आपल्याबरोबर छपाईचे यंत्र घेऊन निघाले आणि वाटेत गोव्याला थांबले. त्यांच्यापैकी हारा मार्तिन्यो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले. १५९० साली हे यंत्र जपानला पोहोचले आणि १५९२ मध्ये आमाकुसा येथे ‘दोचिरिना किरिशितान’ हे मार्कोस जोर्ज यांच्या पुस्तकावर आधारलेले जपानी पुस्तक निघाले. १६०० साली नागासाकीत त्याची नवी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी जपानी लिपीत प्रार्थनांचे स्वतंत्र पुस्तकही छापले गेले.

तेच पोर्तुगीज पुस्तक गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत आणले. स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्याला आले आणि त्यांनी उरलेले आयुष्य साष्टीत घालवले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले, हे मराठी वाचकाला माहीत असते. त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १६२२ मध्ये, राशोललाच ‘दौत्रिन क्रिस्तां’ निघाले. कोकणीतील पहिले छापील पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. म्हणजे साष्टीचे मूल आणि नागासाकीचे मूल तीस वर्षांच्या अंतराने एकाच पुस्तकाच्या दोन भाषांतून प्रार्थना शिकत होते. एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. मूळ पुस्तकात गुरू विचारतो आणि शिष्य उत्तर देतो. जपानी पुस्तकात क्रम उलटा केला आहे : शिष्य विचारतो, गुरू सांगतो. जपानी माणसाला घोकंपट्टीची परीक्षा देण्यापेक्षा प्रश्न विचारणे अधिक मानवेल, असे मिशनऱ्यांना वाटले असावे.

भाषांतराचे धोरणही वेगळे. स्टीफन्स यांनी संस्कारांची पोर्तुगीज नावे ठेवली तरी ‘परमेश्वर’, ‘वैकुंठ’ असे शब्द निःशंकपणे घेतले, ओवी घेतली, पुराणाची चौकट घेतली. जपानमध्ये दाइनिचीच्या अनुभवामुळे तो मोकळेपणा राहिला नाही. याचा परिणाम पुढे दोनशे वर्षांनी दिसणार होता.

वाडीचे पंचांग

१६१४ च्या हुकुमानंतर छापखाना मकावला हलवावा लागला. १६३७-३८ च्या शिमाबारा बंडानंतर छळ आणखी वाढला. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपान बंद झाले. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या बौद्ध मंदिरात नोंद करून तिथला दाखला मिळवायचा, असा नियम झाला. नागासाकी भागात दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमारास ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे. याला ‘फुमिए’ म्हणत. पाय न देणारा ख्रिस्ती ठरे.

उरलेले ख्रिस्ती अशा स्थितीत टिकले ते एकेकटे नव्हे, तर वाडीवाडीने. मिशनऱ्यांनी संकट ओळखून आधीच लोकांची लहान लहान बांधवमंडळे उभी केली होती. आजाऱ्याला मदत, मृताला मूठमाती आणि ठरल्या दिवशी एकत्र प्रार्थना ही त्यांची कामे. धर्मगुरू गेल्यावर ही मंडळेच चर्च झाली. उराकामीत कामांची वाटणी अशी होती : ‘चोकाता’ पंचांग सांभाळी आणि प्रार्थना सांगे, ‘मिझुकाता’ बाप्तिस्मा देई, ‘किकियाकु’ घरोघरी निरोप पोहोचवी, की अमुक दिवशी उपवास, अमुक दिवशी शेतात काम नाही. पंचांग बास्तियान नावाच्या जपानी धर्मशिक्षकाने ठेवलेले, १६३४ सालचे मानले जाते. त्याच्याच आधारे पिढ्यानपिढ्या सण काढले जात. पतिजां यांना चकित करणारा तो सतरावा दिवस या व्यवस्थेतून आला होता.

फुमिएचे दुःख मोठे होते. पाय दिला तर आपल्या समजुतीप्रमाणे पाप. आणि पापाची कबुली ऐकायला धर्मगुरू नाही. इथे एक छोटे पुस्तक कामी आले. ‘कोंचिरिसान नो र्‍याकु’ हे १६०३ साली बिशप लुईस सेर्केइरा यांच्या काळात तयार झाले. त्याचा विषय परिपूर्ण पश्चात्ताप. धर्मगुरू मिळत नसेल तर देवावरील प्रीतीपोटी खरा पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच कबुली देण्याचा निश्चय ठेवावा. तेवढ्याने क्षमा मिळते, अशी त्यातली शिकवण. मूळ छापील प्रत आज उरलेली नाही. लोकांनी ती हाताने नकलून जपली आणि तिच्यातली प्रार्थना तोंडपाठ केली. प्रतिमेवर पाय देऊन घरी परतलेले लोक हा ओराशो म्हणत. ज्या शेजाऱ्याने सकाळी आपल्याला पाय देताना पाहिले आणि ज्याला आपण पाहिले, तोच आता तीच क्षमा मागतो आहे. कोण कोणाला दोष देणार?

शुसाकू एन्दो यांची ‘सायलेन्स’ ही १९६६ ची कादंबरी याच छळाविषयी आहे. तिच्या केंद्रस्थानी एका परदेशी धर्मगुरूचे मन आहे आणि देव गप्प का, हा त्याचा प्रश्न आहे. पण धर्मगुरू संपल्यानंतरच्या दोन शतकांत या गावांनी काय केले, ही वेगळी हकीगत आहे. ते लोक मात्र गप्प राहिले नाहीत. दारे लावून, हलक्या आवाजात का होईना, ते म्हणत राहिले.

इकित्सुकीचा पाठ

हिरादोजवळ इकित्सुकी नावाचे बेट आहे. पूर्वी तिथे देवमाशांची शिकार चाले. या बेटावरचा ओराशो सर्वांत पूर्ण स्वरूपात टिकला. सोतोमे किंवा गोतो भागांत प्रार्थना मनात किंवा पुटपुटत म्हणण्याची रीत पडली. इकित्सुकीत त्या आवाज काढून, अनेकांनी मिळून म्हटल्या जात. घरातल्या कोठीच्या खोलीत लपवलेली प्रतिमा बाहेर काढायची, किमोनो घातलेल्या पुरुषांनी तिच्यापुढे ओळीने बसायचे आणि तिसेक प्रार्थना एकापाठोपाठ एक, न थांबता म्हणायच्या. त्याला अर्धा-पाऊण तास लागे. नंतर साके आणि मासे यांचा प्रसाद. या लहान गटांना ते ‘कोंपान्या’ म्हणत. पोर्तुगीज ‘कोंपान्हिया’ म्हणजे सोबत, मंडळी. नावातही एकत्र येणेच होते.

बेटाजवळ नाकाए नो शिमा नावाचा निर्जन खडक आहे. सतराव्या शतकात तिथे ख्रिस्ती मारले गेले. बाप्तिस्म्याचे पाणी या खडकाच्या कपारीतून आणण्याची प्रथा होती. मंडळी होडीने जात, ओराशो म्हणत बसत, आणि खडकातून पाझरणारे थेंब बाटलीत धरत. पाठ चालू असताना पाणी पाझरते, अशी श्रद्धा.

आता मुख्य प्रश्न. या लोकांना आपण काय म्हणतो आहोत ते कळत होते का? ओराशोचा जपानी भाग सोळाव्या शतकातल्या जुन्या भाषेतला, मध्ये मध्ये परदेशी शब्द. लॅटिन भाग तर नुसते ध्वनी. ‘राओदाते’ म्हणजे ‘लाउदाते’, स्तुती करा. ‘नाजो’ म्हणजे ‘नुंक दिमितिस’. हे म्हणणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ‘गुरुयोझा’ नावाचा एक गाऊन म्हणायचा ओराशो होता. संगीताचे इतिहासकार तात्सुओ मिनागावा यांनी त्याचे मूळ शोधायला स्पेनपर्यंत मजल मारली. १९८२ मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांना सोळाव्या शतकातील एका संग्रहात त्याचा आधार सापडला. ते मरियेचे ‘ओ ग्लोरिओझा दोमिना’ हे लॅटिन स्तोत्र होते, आणि त्याची चाल स्पेनमधल्या एका भागापुरती मर्यादित होती. स्पेनमध्ये ती विस्मरणात गेली. जपानच्या बेटावरचे मच्छीमार ती गात राहिले.

मंत्राला अर्थ असतो की नसतो, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात कौत्साचे मत येते, की मंत्र निरर्थक आहेत. यास्क त्याला उत्तर देतो, की म्हणणाऱ्याला अर्थ न कळणे हा मंत्राचा दोष नव्हे. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा युक्त्या योजल्या त्या उच्चार ढळू नये म्हणून. ओराशोला अशी शास्त्रोक्त यंत्रणा नव्हती. त्याची यंत्रणा एकच : शेजारी बसलेला माणूस. एकाची ओळ चुकली तर दहा जणांचा आवाज त्याला पुन्हा रुळावर आणतो. आजोबा गेले तरी पाठ जात नाही, कारण तो एकट्या आजोबांच्या डोक्यात नव्हताच.

हा नुसता तर्क नाही. त्याला एक ताळा आहे. सोतोमे आणि गोतो भागांत ‘तेन्चि हाजिमारी नो कोतो’, म्हणजे ‘आकाश-पृथ्वीच्या आरंभाची हकीगत’, नावाची कथा प्रचलित होती. बायबलमधली उत्पत्ती आणि येशूचे चरित्र तिच्यात आहे, पण दोन शतकांच्या सांगोवांगीत बौद्ध कल्पना, स्थानिक दंतकथा, नावांची अदलाबदल यांनी ती इतकी बदलली, की पतिजां यांच्या मंडळींना तिचा फारसा उपयोग वाटला नाही. उलट, १६०० च्या छापील पुस्तकाशी इकित्सुकीचे जपानी ओराशो ताडून पाहिले तर ते ओळखू येण्याइतके जवळचे राहिले आहेत. कथा सांगणारा तिला आपल्या परीने रंगवतो, पुढचा त्यात भर घालतो. एका सुरात म्हणायच्या प्रार्थनेत मात्र कुणी एकटा शब्द बदलू शकत नाही.

किंमत

म्हणून सारेच टिकले असे मात्र नाही. शब्द टिकले, पण त्यांच्याभोवतीचे जग बदलले. कोठीतली प्रतिमा घराण्याचा देव झाली. हुतात्मे गावचे पूर्वज झाले. पीक, मासे, आजार, घराची वास्तू या साऱ्यांसाठी ओराशो म्हटला जाऊ लागला. काही जपानी अभ्यासकांच्या मते एकोणिसाव्या शतकापर्यंत ही मूळ ख्रिस्ती श्रद्धा उरलीच नव्हती. तो पूर्वजपूजेवर आधारलेला लोकधर्म झाला होता. इतर अभ्यासक म्हणतात, की हे लोक बौद्ध, शिंतो आणि ख्रिस्ती आचार शेजारी शेजारी पाळत होते, एकात दुसरे मिसळत नव्हते. वाद मिटलेला नाही. भाषांतर न केलेले शब्द जसे टिकाऊ असतात तसेच ते बंदही असतात, हे मात्र उघड आहे. ‘देउस’ दाइनिचीशी मिसळला नाही. पण तो कोण हे सांगणारेही कुणी उरले नाही.

१८६५ नंतर या किमतीचा हिशेब प्रत्यक्ष करावा लागला. उराकामीचे लोक उघडपणे चर्चकडे वळले, तेव्हा बंदी उठलेली नव्हती. १८६७ मध्ये धरपकड झाली; पुढे तीन हजारांहून अधिक लोकांना गावातून उचलून देशभर पांगवण्यात आले आणि शेकडो जण परत आलेच नाहीत. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले. या साऱ्यात पतिजां यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. चीनमध्ये तयार झालेली नवी, शुद्ध धार्मिक परिभाषा त्यांच्या हाताशी होती. ती बाजूला ठेवून त्यांनी आपल्या प्रार्थना-पुस्तकांत या लोकांचे जुने शब्द घेतले. १८६९ मध्ये त्यांनी कोंचिरिसानचे ते जुने पुस्तकही पुन्हा छापले. दोनशे वर्षे जे शब्द म्हणून माणसे जगली, ते चुकीचे ठरवून त्यांना नवे शब्द देण्याचे धाडस त्यांनी केले नाही.

तरीही सर्वजण परतले नाहीत. इकित्सुकीतील बहुतेक घरे आपल्या ओराशोपाशीच राहिली. नवा धर्मगुरू सांगत होता, की बाप्तिस्मा पुन्हा घ्या, मंदिराशी संबंध तोडा, कोठीतला देव सोडा. त्यांना ते बापजाद्यांना नाकारण्यासारखे वाटले. प्रार्थना ज्यांच्यामुळे टिकली त्यांनाच सोडून तिच्या मूळ घरी कसे जायचे? ज्या धाग्याने उराकामीला रोमशी जोडून ठेवले, त्याच धाग्याने इकित्सुकीला आपल्या पूर्वजांशी बांधून ठेवले.

आपला किनारा

आपल्या किनाऱ्यावर असा छळ झाला नाही; ख्रिस्ती सत्तेच्या छायेत, तिच्या जुलमासकट, इथल्या प्रार्थना रुजल्या. पण धर्मसत्तेपेक्षा सामूहिक पाठ अधिक चिवट असतो याची साक्ष इथेही मिळते. १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले. घरातली संध्याकाळची प्रार्थना त्याने थांबली नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, युरोपीय धर्मगुरू निघून गेले आणि तुटपुंज्या देशी धर्मगुरूंवर भार पडला. गावे ख्रिस्ती राहिली. १८९६ च्या प्लेगात मुंबईतल्या वांद्र्यासारख्या जुन्या गावठाणांत ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. वाडीतल्या लोकांनी संध्याकाळी त्यांच्यापुढे जमून जपमाळ म्हणायची रीत आजही काही ठिकाणी दिसते.

जपमाळेची घडणच एकट्यासाठी नाही. नमो मरियेचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा, उत्तरार्ध साऱ्यांनी. गोव्यात घराच्या ओसरीवर किंवा क्रुसापुढे जे ‘लदिन’ होते त्यातही तेच : पुढारी मरियेचे एकेक नामाभिधान घेतो आणि जमाव दरवेळी एकच उत्तर देतो. व्हायोलिनच्या साथीने, दोन-तीन सुरांत, लॅटिन न येणारे लोक हे लॅटिन पिढ्यानपिढ्या गात आले. बोलायला शिकलेले मूलही त्या उत्तरात भाग घेऊ शकते. हरिपाठाच्या टाळकऱ्यांत उभ्या राहिलेल्या मुलाचेही असेच असते. अर्थ पुढे कधीतरी कळतो, जागा मात्र आधी मिळते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासना लोकांच्या भाषेत आणण्याची वाट मोकळी केली आणि वसईच्या वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. ते योग्यच झाले. इकित्सुकीची हकीगत अर्थावाचूनच्या पाठाचे समर्थन म्हणून वाचू नये. अर्थ हरवल्याने तिथल्या लोकांचे जे नुकसान झाले ते खरे आहे. पण ओराशो अर्थ हरवल्यावर दोन शतके जगला. आज तो थांबतो आहे तो वेगळ्या कारणाने. नागासाकी परिसरातील लपलेल्या ख्रिस्ती लोकांची स्थळे २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरली. त्यांत नाकाए नो शिमाही आहे. मात्र बेटावरची तरुण मंडळी शहरांत गेली. पाठ करायला कुणी नाही, म्हणून एकेक कोंपान्या विसर्जित होते आहे. काही घरांनी कोठीतल्या प्रतिमा बेटावरच्या संग्रहालयाच्या हवाली केल्या आहेत. ओराशोचे शब्द आता वह्यांत आहेत, ध्वनिमुद्रणांत आहेत, अभ्यासकांच्या ग्रंथांत तर अर्थासकट आहेत. त्यांना कसलाही धोका नाही.

वसई पट्ट्यातही संध्याकाळच्या जपमाळेच्या वेळी घरातली निम्मी माणसे विरार लोकलमध्ये असतात. छळाने जे मोडले नाही ते वेळापत्रकाने मोडते. राहिलेली माणसे मग पूर्वार्धही आपणच म्हणतात आणि उत्तरार्धही आपणच.